लिनक्सवर मशीन मधेच ठार हँग होतं, लॉग कोरा. हार्डवेअर कसं तपासावं?

पानजुळारी

नमस्कार मंडळी,

पुस्तकांची पानं लावायचं काम करतो. स्क्रायबस, इंकस्केप, लिबरऑफिस आणि फायरफॉक्स, एवढाच संसार. मशीन असेंबल केलेलं आहे: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा बोर्ड, ५०० जीबी एनव्हीएमई डिस्क, साधंसं ग्राफिक कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). लिनक्सच्या डेबियन १२ वर कधी तक्रार नव्हती. १३ वर गेलो आणि त्याच सुमारास हे दुखणं मागे लागलं.

होतं असं की चित्र पडद्यावर जसंच्या तसं राहतं, घड्याळ थांबतं, माउस हलत नाही. गाणं चालू असेल तर शेवटचा तुकडा ‘र्रर्रर्र’ करत अडकतो. पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय गत्यंतर नाही. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर शांत. जड काम चालू असतानाच होतं असंही नाही, नुसती पीडीएफ वाचत बसलो तरी होतं.

डोकं चालेनासं झालंय. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) दोषी की हार्डवेअर? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिसरा_कर्नल

आधी हँगचा प्रकार ठरवा. सगळे हँग बाहेरून सारखेच दिसतात, आतून वेगळे असतात. पुढच्या वेळी बटण दाबायची घाई करू नका. तीन गोष्टी पाहा.

कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि अडकलंय ते ग्राफिक्स किंवा डेस्कटॉप.

दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून पिंग जातो का, एसएसएचने (लांबून लॉगिन करून) आत शिरता येतं का? येत असेल तर आतून डीमेसेज (कर्नलचे संदेश) पाहा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर आडवा झाला असेल तर तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. एएमडीच्या कार्डावर ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ अशा अर्थाची ओळ येते. एनव्हिडियावर ‘एक्सआयडी’ आणि पुढे क्रमांक येतो. त्यातला ७९ दिसला तर कार्ड पीसीआय बसवरूनच गायब झालंय, म्हणजे पॉवर, स्लॉट किंवा कार्ड यांपैकी काहीतरी.

तिसरं, आल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी अशी अक्षरं थोड्या थोड्या वेळाने दाबा. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून मशीन रीबूट झालं तर कर्नल शेवटपर्यंत शुद्धीवर होता. डेबियन-उबंटूत या सोयीची सगळी अक्षरं मोकळी नसतात, त्यामुळे आधीच सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगांत) कर्नल डॉट सिसआरक्यू = १ करून ठेवा. (कमांडा टर्मिनलवर रोमनमध्ये टंकायच्या हे सांगायला नकोच.)

खिडकीवाला

सोप्पा उपाय. विंडोज टाका. ;)

बिट_बाई

@खिडकीवाला, त्याने एवढंच होईल की हँग झाल्यावर पडदा निळा दिसेल. हलके घ्या.

@पानजुळारी, एक साधी शक्यता आधी काढून टाका. रॅम पूर्ण भरली की लिनक्स स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या पर्यायी मेमरीत) घुसमटतं आणि माणसाला वाटतं मशीन मेलं. ओळखण्याची खूण म्हणजे डिस्कचा दिवा सतत लागलेला असतो आणि माउस दर अर्ध्या मिनिटाला इंचभर सरकतो. तसं असेल तर अर्लीओओएम बसवा (मेमरी संपत आली की तो जड प्रोग्रॅम बंद करतो), विषय संपला. स्क्रायबसमध्ये मोठ्या टिफ फाइली असतील तर हे सहज होतं.

पानजुळारी

सगळ्यांचे आभार. आज दुपारीच संधी मिळाली. कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म. फोनवरून पिंगला उत्तर नाही. आल्ट-प्रिंटस्क्रीनला दाद नाही. डिस्कचा दिवा विझलेला. रॅमपैकी तर निम्मीही वापरात नव्हती.

जर्नलसीटीएलला -बी -१ देऊन मागच्या बूटची नोंद काढली. शेवटची ओळ ब्लूटूथची, तीही हँग व्हायच्या दोन-तीन मिनिटं आधीची. पुढे काही नाही. म्हणजे सॉफ्टवेअरला काही कळलंच नाही का?

तिसरा_कर्नल

कोरा लॉग म्हणजे माहिती नाही असं समजू नका. प्रोग्रॅम कोसळला, ड्रायव्हर चुकला, मेमरी संपली, यांतलं काहीही झालं तरी कर्नल काहीतरी खरडून जातो. त्याला पेन उचलायलाही वेळ मिळाला नाही, याचा अर्थ प्रोसेसर जागच्या जागी थिजला किंवा डिस्कपर्यंतचा रस्ता तुटला.

पण एक खोच आहे. जर्नल (सिस्टिमचा लॉग) डिस्कवर ठरावीक अंतराने पक्कं होतं, मूळ सेटिंग ५ मिनिटांचं. फार गंभीर संदेश लगेच लिहिले जातात, बाकीचे रांगेत असतात. तेव्हा शेवटची काही मिनिटं हरवलेली असू शकतात. जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये सिंकइंटरव्हलसेक १० सेकंदांवर आणा.

आणि डिस्कवर विसंबायचंच नसेल तर नेटकन्सोल. कर्नलचे संदेश यूडीपीने थेट दुसऱ्या मशीनकडे जातात, डिस्क लागतच नाही. जुना लॅपटॉप असेल तर त्याच्यावर एनसी -यू -एल ६६६६ (ते संदेश ऐकणारी कमांड) चालू ठेवा. तुमच्या मशीनला केबल हवी, वायफायवर हे सहसा चालत नाही. जोडीला कर्नल डॉट हार्डलॉकअप_पॅनिक = १ करा. एनएमआय वॉचडॉग म्हणून एक पहारेकरी असतो. एखादा कोअर साधारण १० सेकंद इंटरप्टला उत्तर देईनासा झाला की तो आरडाओरडा करतो. सॉफ्टवेअरने कोअर अडकवला असेल तर हा पहारेकरी हमखास बोलतो. तोही गप्प राहिला तर संशय हार्डवेअरवर.

अजून एक, हे फार कमी लोक करतात: हँग झाल्यावर पॉवर बटण दाबून धरू नका, कॅबिनेटवरचं रीसेटचं छोटं बटण दाबा. प्रोसेसरला स्वतःत बिघाड जाणवला असेल तर तो त्याच्या मशीन चेक रजिस्टरांत नोंद ठेवतो. ही रजिस्टरं रीसेटमध्ये टिकतात, वीज पूर्ण गेली की पुसली जातात. पुढच्या बूटला डीमेसेजमध्ये ‘एमसीई’ आणि ‘हार्डवेअर एरर’ शोधा. रासडेमन बसवलंत तर तो हे जमवून ठेवतो.

फक्त_वाचक

रीसेट बटणाचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली. आमच्या असेंबल करणाऱ्याने ती वायर जोडलेलीच नाहीये, आत्ता पाहिलं. :(

निवृत्त_वायरमन

मुलांनो, तुम्ही लॉग-लॉग करत बसलात, भिंतीतल्या सॉकेटकडे कुणी पाहिलं का? कॉम्प्युटर दुरुस्तीला लोक माझ्याकडे आणायचे तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारायचो: कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?

येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्याकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थची वायर तुटकी असली की पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, माणूस मरत नाही, पण टेस्टर उजळतो. अशा मशीनला एचडीएमआय किंवा यूएसबीने दुसरं उपकरण जोडलं की तो फरक त्या वायरीतून वाट काढतो आणि मग वाट्टेल ते होतं. जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकात वायरच नसते.

दुसरं, यूपीएस. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन लहर देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या काही एसएमपीएसना ती पचत नाही. यूपीएस काढून थेट भिंतीत लावून आठवडाभर चालवून बघायचं, पैसे लागत नाहीत.

तिसरं, एसएमपीएस स्वतः. मल्टिमीटरने १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६, पाचावर ४.७५ ते ५.२५ एवढं चालतं. पण मीटरमध्ये आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस निर्दोष सुटत नाही. मीटर सरासरी दाखवतो. मिलिसेकंदापुरता खड्डा पडला तर त्याला कळणारही नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो, नाहीतर शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस उसना आणायचा. मी उसना आणायचो.

मांडवीकाठ

वायरमनकाकांना +१. आमच्याकडे गोव्यात यात आणखी एक भर, खारी दमट हवा. पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर येतो. स्टिक काढायची, शाळेच्या खोडरबराने दात घासायचे, परत लावायची. माझं मशीन दर पावसाळ्यानंतर एकदा तरी या उपचाराने बरं होतं.

बिट_बाई

खोडरबराने सोन्याचा मुलामा घासला जातो आणि त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापड वापरा. निम्म्या वेळा तर स्टिक काढून परत घट्ट बसवण्यानेच काम झालेलं असतं आणि श्रेय खोडरबराला मिळतं.

मांडवीकाठ

ताई, अल्कोहोलचं आम्हाला सांगू नका, गोव्यात त्याला बाकी खूप कामं आहेत. :D

पानजुळारी

झिणझिण्या नाहीत, टेस्टर लावून पाहिला. यूपीएस काढलाय. रॅमचे दात पुसून परत बसवले. नेटकन्सोल लावला, लॅपटॉप बाजूला उघडा ठेवला.

आज पुन्हा हँग. नेटकन्सोलवर काहीही नाही. हार्डलॉकअपचा संदेशही नाही. रीसेट दाबून बूट केलं, एमसीई नाही.

मेमटेस्ट८६+ रात्रभर लावला होता, चार फेऱ्या पूर्ण, एकही चूक नाही. म्हणजे रॅम सुटली. तापमानही पाहिलं, सेन्सर्समध्ये प्रोसेसर ७० च्या वर गेला नाही.

तिसरा_कर्नल

तापमानाबद्दल सहमत. प्रोसेसर तापला तर आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं. या मॉडेलची मर्यादा ९५ अंश आहे, तुम्ही त्यापासून लांब आहात. तापून चित्र गोठणं हे प्रोसेसरचं सहसा लक्षण नव्हे. बोर्डावरचं व्हीआरएम (प्रोसेसरचं व्होल्टेज सांभाळणारा भाग), ग्राफिक कार्ड किंवा रॅम तापली तर होऊ शकतं, आणि त्यांची तापमानं सेन्सर्समध्ये दरवेळी दिसत नाहीत.

आता सॉफ्टवेअर कायमचं बाद करा. ग्रबमध्ये (बूटच्या वेळच्या यादीत) डेबियन १२ चा ६.१ कर्नल अजून असेल, तो निवडून चालवा. तरी हँग झालं तर पूर्ण वेगळ्या डिस्ट्रोचा (लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचा) लाइव्ह यूएसबी लावा आणि त्यातच दिवसभर काम करा. कर्नल वेगळा, ड्रायव्हर वेगळे, तुमची डिस्कही वापरात नाही. तरीही गोठलं तर उरतं ते लोखंड (हार्डवेअर) आणि बायोस (बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम).

हे करताना एका वेळी एकच बदल. रॅम पुसणं, यूपीएस, नेटकन्सोल सगळं एका संध्याकाळी केलंत. उद्या बरं वाटलं असतं तर कशाने ते सांगता आलं नसतं.

आणि हो, रायझन म्हटल्यावर कुणीतरी सी-स्टेटचं (प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्यांचं) काढेलच, म्हणून मीच लिहितो. २०१७ च्या पहिल्या पिढीच्या रायझनवर मशीन रिकामं बसलेलं असताना हँग व्हायचं. कर्नलच्या बगझिलावर १९६६८३ क्रमांकाचा लांबलचक बग आहे. प्रोसेसर गाढ झोपेत गेला की विजेची मागणी इतकी खाली यायची की काही एसएमपीएसना ती सांभाळता येत नसे. बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाचा पर्याय त्यातूनच आला. तो ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवायचा. इंटेलचंही उदाहरण आहे: बे ट्रेल चिपवाल्या स्वस्त लॅपटॉपांना इंटेल_आयडल डॉट मॅक्स_सीस्टेट = १ दिल्याशिवाय चैन पडत नव्हती. तुमची तिसरी पिढी आहे, पण सेटिंग फुकट आहे, करून बघा. वेगळ्या दिवशी.

फक्त_वाचक

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचं पण झालं होतं ना मोठं?

तिसरा_कर्नल

हो, २०२४ मध्ये. डेस्कटॉपचे वरच्या वर्गातले प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून स्वतःच झिजत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ नावाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आला, बायोस अपडेटमधून. इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने भरून येत नाही. तरी सांगतो, प्रोसेसर दोषी निघणं क्वचित. लोक सुरुवात तिथून करतात कारण तो भाग सर्वांत महाग.

पानजुळारी

जुना कर्नल: हँग. लाइव्ह यूएसबी (फेडोरा): हँग, तेही फाइल मॅनेजर उघडून नुसता बसलो होतो तेव्हा. टिपिकल करंट आयडल केलं, काही दिवस बरे गेले, मी पेढे वाटणार होतो, काल पुन्हा हँग.

म्हणजे डेबियन १३ निर्दोष. आता एसएमपीएस बदलू की बोर्ड? बोर्ड बदलायचा तर या महिन्याची कमाई गेली.

बिट_बाई

थांबा, काही विकत घेऊ नका. डीएमआयडीकोड -टी मेमरी चालवून जे येईल ते इथे टाका. बायोसची आवृत्ती आणि तारीखही.

पानजुळारी

बायोस २०१९ चा. रॅमचं थोडक्यात देतो:

पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये ८ जीबी, रँक २, चालू वेग ३२००.
दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये ८ जीबी, रँक १, चालू वेग ३२००.

बिट_बाई

सापडलं बहुतेक. पहिल्या पोस्टमध्ये रॅमचा उल्लेखच नव्हता, तेव्हाच विचारायला हवं होतं. चार स्टिक आहेत आणि दोन वेगवेगळ्या जोड्या आहेत. एक जोडी नंतर घातलीत ना? कधी?

पानजुळारी

हो. मूळची जोडी रँक १ वाली. ती दुसरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेली स्वस्तात मिळाली. डेबियन १३ टाकायच्या आदल्या शनिवारी लावली. पण मेमटेस्ट चारही स्टिक लावूनच केला होता की, आणि पास झाला.

निवृत्त_वायरमन

हात्तिच्या!

बिट_बाई

आता नीट सांगते, कारण इथे बरेच जण फसतात.

रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा ती एक्सएमपी प्रोफाइलची बोली असते, म्हणजे उत्पादक म्हणतो की ही जोडी, जोडी म्हणून, एवढ्या वेगाने आणि १.३५ व्होल्टवर चालेल. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करणं हे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे, फक्त एका टिचकीने होतं म्हणून तसं वाटत नाही.

रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो. दोन स्टिकचं ओझं वेगळं, चारचं वेगळं. रँक म्हणजे स्टिकवरच्या चिपांचा एकत्र चालणारा गट, तोही ओझ्यात धरायचा. तुमच्याच प्रोसेसरचे एएमडीचे अधिकृत आकडे काढा: दोन स्टिक असतील तर ३२००. चार सिंगल रँक असतील तर २९३३. चार ड्युअल रँक असतील तर २६६७. तुमच्याकडे दोन एका रँकच्या, दोन दोनच्या, टायमिंग वेगवेगळे, आणि बायोस २०१९ चा. हे सगळं ३२०० वर पळवताय. सिग्नल काठावर उभा आहे, बहुतेक वेळ सावरतो, एखाद्या दिवशी घसरतो.

मेमटेस्टचं. त्यात चूक सापडली तर ती खरी धरायची. सापडली नाही तर फक्त एवढंच कळतं की त्या रात्री, त्या तापमानाला, त्या पॅटर्नवर सापडली नाही. मेमटेस्ट चालतो तेव्हा ग्राफिक कार्ड आरामात बसलेलं असतं, खोली थंड असते, डिस्कची ये-जा नसते. तुमचं मशीन दुपारी हँग होतं.

असं करा. स्ट्रेसॲपटेस्ट बसवा, गूगलने आपल्या सर्व्हरांसाठी लिहिलेला आणि खुला केलेला प्रोग्रॅम आहे. ऐंशी टक्के रॅम द्या, तासभर द्या, -डब्ल्यू लावा. सोबत ग्राफिक कार्डाला ग्लमार्क लावून कामाला लावा. कॅबिनेटचं झाकण बंद, भर दुपारी. मग मला सांगा.

मांडवीकाठ

ताई रॉक्स. धागा वाचनीय होत चाललाय, पुढचा भाग लवकर येऊ द्या.

पानजुळारी

ताई, साष्टांग. वीस मिनिटांत चुकांच्या ओळी सुरू झाल्या आणि अर्ध्या तासात मशीन गोठलं. आयुष्यात पहिल्यांदा हँग झालेलं बघून टाळी वाजवली. घरच्यांनी वेड्यात काढलं.

आता कुठली स्टिक खराब हे कसं काढू?

बिट_बाई

कुठलीही खराब असेलच असं नाही, आणि तेच पाहायचंय. क्रम असा ठेवा:

फक्त जुनी जोडी, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, ३२०० वर. मग फक्त नवी जोडी, त्याच स्लॉटमध्ये, ३२०० वर. स्लॉट तेच ठेवायचे, नाहीतर स्टिक बदलली की स्लॉट हे कळत नाही. दोन्ही पास झाल्या तर चारही लावा आणि एक्सएमपी बंद करून वेग २६६६ ठेवा. तेही पास झालं तर परत ३२०० करा आणि चुका परत येतात का पाहा. हे शेवटचं लोक टाळतात, पण दुखणं मुद्दाम परत आणता आलं तरच कारण सापडलं म्हणायचं.

एखादी जोडी एकटीच नापास झाली तर तिची एकेक स्टिक वेगळी तपासायची.

तिसरा_कर्नल

बाईंना पूर्ण अनुमोदन. बायोस अपडेट मात्र हे सगळं झाल्यावर. मधे केलंत तर रॅमचे टायमिंग बदलतील आणि तुलना बिघडेल.

अवांतर: अशा वेळी खजील व्हायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ६.१ कर्नलची मर्ज विंडो (नवे बदल स्वीकारायचा काळ) चालू असताना खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं मशीन विचित्र वागायला लागलं होतं. कंपाइल करताना प्रोग्रॅम अकारण कोसळत होते. निघाली खराब रॅम. नवी येईपर्यंत त्यांनी लॅपटॉपवर काम चालवलं. मशीन बांधलं तेव्हा ईसीसी (चूक दुरुस्त करणारी) रॅम मिळाली नव्हती म्हणून साधी घातली होती. त्याआधी २०२१ मध्ये याच माणसाने, इंटेलने सामान्य ग्राहकांना ईसीसीपासून दूर ठेवलं म्हणून जाहीर आगपाखड केली होती.

मांडवीकाठ

ईसीसी आपल्याला परवडते का पण? आणि रायझनवर चालते का?

तिसरा_कर्नल

बऱ्याच डेस्कटॉप रायझनमध्ये अनबफर्ड ईसीसी चालते, पण बोर्डाने आधार दिलेला हवा, बोर्डाचं मॅन्युअल वाचूनच घ्या. चालू आहे की नाही हे लिनक्सच्या ईडॅक ड्रायव्हरच्या संदेशातून कळतं. फायदा असा की एका बिटाची चूक दुरुस्त होते आणि नोंदही राहते. पानजुळारींकडे ती असती तर हा धागा दोन प्रतिसादांत संपला असता.

पानजुळारी

निकाल.

जुनी जोडी ३२००: पास. नवी जोडी ३२००: पास. चारही २६६६: पास, दुपारी, झाकण बंद, ग्लमार्कसकट, तीन तास. चारही ३२००: नापास, हँग.

म्हणजे विकणाऱ्यालाही बोल लावता येत नाही. चारही स्टिक ठणठणीत, फक्त एकत्र नांदत नाहीत. आता २६६६ वर ठेवलंय. स्क्रायबसमध्ये वेगाचा काडीचाही फरक जाणवत नाही. ३२ जीबी मात्र जाणवते. बायोस अपडेट आता करतो.

एसएमपीएस आणि बोर्डाचे पैसे वाचले. ताई, पुढच्या पुस्तकाची प्रत तुम्हाला पोस्टाने.

बिट_बाई

पुस्तक आवडेल. पण काम अजून संपलेलं नाही. इतके दिवस रॅममध्ये बिट उलटत होते. हँग झालं ते तुम्हाला दिसलं. न दिसता जे फाइलीत लिहिलं गेलं त्याचं काय?

मशीन बंद करून लाइव्ह यूएसबीवरून बूट करा आणि ई२एफएससीके -एफ चालवा, ईएक्सटी४ ची (डिस्कवरच्या फाइल-व्यवस्थेची) रचना तपासली जाईल. मग डेबसम्स बसवा आणि चालवा, पॅकेजमधून आलेल्या फाइलींची बेरीज (चेकसम) जुळते का ते तो सांगतो. ज्या जुळणार नाहीत ती पॅकेजेस परत इन्स्टॉल करा. तुमच्या स्वतःच्या फाइलींना मात्र ईएक्सटी४ कुठलीही बेरीज ठेवत नाही. रॅम वाढवल्यानंतर सेव्ह केलेलं प्रत्येक पुस्तक उघडून पानोपानी पाहावं लागेल, विशेषतः चित्रं. छापखान्यात गेलेल्या पीडीएफ असतील तर त्या आधी. आणि त्या काळातल्या बॅकअपवर जुना बॅकअप खोडू नका.

पानजुळारी

अरे देवा. एक दिवाळी अंक गेलाय या काळात. बसतो बघत.

पानजुळारी

डेबसम्समध्ये दोन फाइली बिघडलेल्या निघाल्या, दोन्ही एकाच फाँटच्या पॅकेजमधल्या. परत टाकल्या. अंकाच्या पीडीएफमध्ये एका जाहिरातीच्या चित्रात खालच्या बाजूला करडा पट्टा आलाय. मूळ टिफ जुन्या बॅकअपमध्ये साबूत आहे. छापखान्याला फोन केला, तो फॉर्म अजून मशीनवर चढला नव्हता. नवी पीडीएफ पाठवली.

निवृत्त_वायरमन

शाब्बास. आता त्या रीसेटच्या बटणाची वायर ज्याची जोडलेली नाही त्याने जोडून घ्या. मदरबोर्डवर दोन पिना असतात, उलटसुलट लागली तरी चालते.

फक्त_वाचक

जोडली काका. :)

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारू का? लॅपटॉप हँग होतो, पण माउस हलतो. उघडलेल्या खिडक्या दिसतात, नवीन काही उघडत नाही. टर्मिनलमध्ये एलएस केलं तरी ‘इनपुट/आउटपुट एरर’.

तिसरा_कर्नल

तुमचं वेगळं आहे, ती डिस्कची गोष्ट. एनव्हीएमई झोपेतून उठत नसावी. डीमेसेजमध्ये ‘कंट्रोलर इज डाउन’ दिसतं का पाहा. बूटच्या वेळी एनव्हीएमई_कोअर डॉट डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस = ० देऊन चालवून बघा, आणि स्मार्टसीटीएल -ए चं पूर्ण आउटपुट घेऊन नवा धागा काढा. डेटाचा बॅकअप आजच घ्या, धागा उद्या काढलात तरी चालेल.